रजेतला अर्ज

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या स्त्रीने त्या रजेच्या मुदतीतच दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करावा काय, हा प्रश्न वरवर पाहता एखाद्या कुटुंबातल्या खाजगी खलबताचा वाटेल. परंतु ज्या घरांतल्या लेकीसुना नोकरी करतात त्या घरांत तो आज वारंवार उपस्थित होतो, आणि त्याला मिळणारे उत्तर बहुधा एकाच सुराचे असते. ज्या कंपनीने सहा महिने घरबसल्या पगार दिला तिचे मीठ खाऊन तिलाच सोडून जाणे बरे दिसत नाही, लोक नावे ठेवतील, पुढच्या ठिकाणी तुझ्याविषयी चांगला शब्द कोण घालील, असे सासरची वडीलधारी माणसे म्हणतात, माहेरची म्हणतात, आणि खेदाची गोष्ट ही की स्वतः या प्रसंगातून गेलेल्या कचेरीतल्या स्त्रियांपैकीही पुष्कळजणी म्हणतात. हे उत्तर देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. इमान हा आपल्या समाजाने मोलाचा मानलेला गुण आहे आणि तो तसाच राहावा. परंतु जिथे ऋणच निर्माण झालेले नाही तिथे इमानाच्या नावाने वसुली सुरू झाली म्हणजे तो निखळ अन्याय होतो, आणि ज्यांच्यावर तो होतो त्या निमूटपणे सोसत असल्यामुळे त्याविषयी दुसऱ्या कोणीतरी स्वच्छ बोलणे अवश्य आहे.

ही रजा म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरती ती २६ आठवड्यांची झाली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अंमलात आल्यावर याच तरतुदी त्या संहितेत सामावल्या गेल्या. या सगळ्या प्रवासात स्त्रीवर घातलेल्या मुख्य अटीचे स्वरूप कायम राहिले आहे, आणि आज ती अशी की, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत तिने त्या मालकाकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम केलेले असावे. वाचकांनी या अटीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लक्षात घ्यावे. ती मागे पाहते. जे काम स्त्रीने आधीच करून दिले आहे त्याची ती गणना करते. पुढे ती किती दिवस काम करणार आहे याची चौकशी कायदा करीत नाही, रजा संपल्यावर अमुक महिने चाकरी केलीच पाहिजे असा हुकूम त्यात नाही, आणि मध्येच राजीनामा दिल्यास घेतलेले वेतन परत करावे असे एकही कलम त्यात सापडत नाही. नेमणूकपत्रात तशी अट घालून ठेवली तरी कायद्याने दिलेला लाभ कमी करणारा करार कायद्यापुढे टिकत नाही. (कंपनीने कायद्याहून अधिक काही स्वखुशीने दिले असेल, तर त्या अधिकाच्या अटी निराळ्या, त्या वाचून मगच सही करावी.) ऊसतोडणीच्या मुकादमाने दिलेली उचल मजुराला हंगामभर बांधून ठेवते, कारण ती पुढे करायच्या कामापोटी आगाऊ दिलेली रक्कम असते. बाळंतपणाच्या रजेचा पगार ही उचल नव्हे. त्याची फेड नसते, आणि ज्याची फेड नसते त्याच्या जोरावर कोणाच्याही पायात बेडी घालता येत नाही.

हा पगार द्यायचा तो का द्यायचा, याचे सर्वांत स्पष्ट विवेचन आपल्याच मुंबईत, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती साहाय्याचे विधेयक आणले होते, ते फसले. पुढे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळापुढे तशाच आशयाचे विधेयक आले तेव्हा, २८ जुलै १९२८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर काही काळ मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि लोककल्याणाचे रक्षण ही मुख्यतः सरकारची जबाबदारी असल्यामुळे या खर्चाचा मोठा भाग वास्तविक सरकारनेच उचलला पाहिजे, असे त्यांनी मान्य केले. परंतु तेवढ्यावर मालकाची सुटका होत नाही, कारण तो स्त्रियांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, तेव्हा फायद्याबरोबर थोडा भारही त्याने सोसावा हे न्याय्यच आहे, असे त्यांनी बजावले. १९२९ साली मुंबईत तो कायदा झाला. या सबंध युक्तिवादात मालकाच्या मेहेरबानीला कुठेही जागा नाही. माता, मूल, राष्ट्र आणि मालकाला आधीच मिळालेला लाभ, एवढ्याच गोष्टींचा त्यात विचार आहे. पुढे राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदानेही प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले, तेही याच विचाराला धरून. रजेचा पगार देणारा मालक राष्ट्राच्या एका कर्तव्यातला आपला वाटा उचलीत असतो. तो त्याने उचलावा, त्याबद्दल त्याला मानही मिळावा. पण त्या वाट्याच्या बदल्यात त्याने आईची पुढची वर्षे लिहून घेऊ नयेत.

आता कोणी विचारील की, हे सारे खरे असले तरी नेमक्या याच वेळी नोकरी बदलण्याची घाई का? दोन वर्षे थांबता येत नाही काय? असे विचारणाऱ्याने त्या स्त्रीच्या दिवसाचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहावा. हडपसरला घर आणि हिंजवडीला कचेरी असलेली पुण्यातली मुलगी घ्या. मूल होण्यापूर्वी ती शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास रोज करीत होती, कधी कंपनीच्या बसने तर कधी स्वतःच्या दुचाकीवर, आणि त्यात जाणारे तास तिने आपल्या तारुण्याच्या जोरावर सोसले होते. तोच प्रवास, तेच कामाचे तास, तीच रात्री साडेनऊला परदेशातल्या माणसांशी होणारी फोनवरची बैठक, आणि मधे अंगावर पिणारे तान्हे मूल, हे गणित तिला रजेतच सोडवावे लागते. कारण रजा संपण्याच्या आदल्या दिवशी ते सुटले नसेल, तर दुसऱ्या दिवशी राजीनाम्यावाचून तिला मार्ग उरत नाही, आणि हाती दुसरी नोकरी नसताना दिलेला तो राजीनामा कित्येकदा तिच्या नोकरीच्या आयुष्यातला शेवटचा कागद ठरतो. खाजगी रुग्णालयातल्या परिचारिकेपुढे रात्रपाळीचा प्रश्न असतो. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षिकेला आपला वर्ग दुसऱ्या बाईंना दिला गेल्याचे रजेतच कोणाकडून तरी कळते. मोठ्या कंपनीतल्या अधिकारी स्त्रीला तिची माणसे, तिचे ग्राहक, तिने उभे केलेले काम दुसऱ्याच्या हाती गेल्याची वार्ता कानावर येते, आणि परतल्यावर काहीतरी पाहू एवढेच आश्वासन मिळते. अशा वेळी घराजवळची कचेरी, दिवसपाळीचे रुग्णालय किंवा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा देणारी जागा जी शोधते, ती स्त्री नोकरीला पाठ फिरवीत नसते. नोकरीत टिकून राहण्याचा तो तिचा प्रयत्न असतो, आणि ज्या समाजाला शिकलेल्या स्त्रिया बाळंतपणानंतर कामावर परतत नाहीत याची खंत वाटते त्याने या प्रयत्नाला बेइमानी म्हणावे ही गोष्ट मला फार क्लेशदायक वाटते.

कायद्याचे एक बंधन मात्र या बाबतीत आहे आणि ते प्रत्येकीने जाणून असावे. रजेच्या काळात दुसऱ्या आस्थापनेत प्रत्यक्ष काम केले, तर तेवढ्या काळाचा प्रसूती लाभ गमावला जातो. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत तर स्त्रीने कुठल्याच आस्थापनेत काम करू नये आणि कोणीही तिला कामावर ठेवू नये असा निर्बंध आहे. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर पडू न देण्याचा जो रिवाज होता त्याच्याशी ही मुदत बरीच जुळते. पण काम करणे निराळे आणि कामासाठी अर्ज करणे, मुलाखत देणे, पगाराची बोलणी करणे निराळे. यातल्या दुसऱ्या गोष्टींना कुठेही मनाई नाही. जुन्या मालकाला या अर्जाचा सुगावा लागला म्हणून रजेवरच्या स्त्रीला तो कामावरून काढू शकत नाही, कारण अशा अनुपस्थितीच्या काळात तिला बडतर्फ करणे हेच कायद्याने बेकायदा ठरवले आहे. ज्या धास्तीमुळे पुष्कळजणी बहिणीच्या नावाने दुसरा ईमेल पत्ता उघडून चोरून अर्ज पाठवतात, ती धास्ती कायद्याच्या दृष्टीने निराधार आहे.

मुलाखतीचे प्रकरण अधिक अवघड. इथे प्रश्न विचारणाऱ्याचा हात वर असतो आणि कायद्याची नजर बंद दाराआड पोचत नाही. मूल किती महिन्यांचे आहे, सांभाळणार कोण, दुसऱ्याचा विचार आहे काय, हे प्रश्न आपुलकीच्या सुरात विचारले जातात, आणि वडिलांच्या भूमिकेत नुकत्याच शिरलेल्या पुरुष उमेदवाराला यातला एकही विचारला जात नाही. हा प्रकार लहानसहान कचेऱ्यांपुरता आहे असेही समजण्याचे कारण नाही. आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्थेच्या अर्जातच एकेकाळी स्त्री उमेदवाराला मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भपात यांविषयी रकाने भरावे लागत. त्यांतला एक तपशील चुकीचा भरला या कारणावरून परिवीक्षेवरील एका स्त्रीला प्रसूतीनंतर लगेच कामावरून दूर केले गेले, तेव्हा नीरा माथूर यांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तिला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला आणि असे लज्जास्पद रकाने काढून टाकावेत असे महामंडळाला सुचवले. त्यानंतर तीस वर्षे लोटल्यावर, जानेवारी २०२२ मध्ये, तीन महिन्यांहून अधिक काळाच्या गर्भवती उमेदवाराला तात्पुरती अपात्र ठरवून प्रसूतीनंतर रुजू होण्यास सांगणारे स्टेट बँकेचे परिपत्रक चर्चेत आले, देशभर टीका झाली, आणि त्याच महिन्यात बँकेला ते मागे घ्यावे लागले. इतकी वर्षे मधे गेली तरी आई होऊ घातलेल्या किंवा नुकत्याच झालेल्या स्त्रीकडे धोक्याची बाब म्हणून पाहण्याची वहिवाट सुटलेली नाही.

मग रजेवर असल्याचे मुलाखतीत सांगावे की नाही? माझे मत असे की, आरंभीच्या अर्जात ते लिहिण्याचे बंधन कोणावरही नाही आणि लिहूही नये. तिथे शिक्षण, अनुभव आणि कर्तृत्व यांचीच गणना व्हावी. पण नेमणुकीचे बोलणे पक्के झाले आणि रुजू होण्याच्या तारखेचा विषय निघाला की, मी सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे, ती अमुक तारखेला संपते, माझी नोटिशीची मुदत इतकी आहे, हे सरळ सांगावे. खोटे मात्र बोलू नये. त्याने पुढे तिलाच जाच होतो. जुन्या जागीही तिची काही कर्तव्ये उरतात, आणि ती मालकापेक्षा सोबत्यांसंबंधीची अधिक आहेत. सहा महिने तिचे काम ज्यांनी वाटून घेतले त्यांना अखेरच्या दिवसापर्यंत अंधारात ठेवणे शोभत नाही. निर्णय पक्का होताच राजीनामा द्यावा, नोटिशीची मुदत पाळावी, हाती असलेली कामे आणि कागदपत्रे नीट सोपवावीत. एवढे केले की तिचे देणे फिटले. हेच देणे पुरुष कर्मचाऱ्याचेही असते, आणि तो नोकरी बदलतो तेव्हा याहून अधिक त्याच्याकडून कोणी मागत नाही.

मालकांची बाजू मांडल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात त्या दुकानांना आणि आस्थापनांनाही हा कायदा लागू आहे. नाशिकच्या किंवा सांगलीच्या बारा माणसांच्या एखाद्या हिशेबतपासनिसाच्या कचेरीने एका मुलीला २६ आठवड्यांचा पूर्ण पगार द्यावा, तिच्या जागी बदली माणूस ठेवून त्यालाही पगार द्यावा, आणि रजेच्या शेवटी तिचे राजीनाम्याचे पत्र हाती यावे, यात त्या कचेरीच्या मालकाला जी तोशीस लागते ती खोटी नाही. त्याच्या मनातला कडवटपणा मला समजतो. परंतु त्याचा रोष त्या मुलीवर उतरतो ही मोठी चूक आहे, कारण त्याच्या तक्रारीचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. मातृत्वाच्या साहाय्याचा भार सरकारने मुख्यत्वे उचलावा आणि मालकाने काही भाग द्यावा, असे जे तत्त्व १९२८ साली मांडले गेले, त्याची मांडणी प्रत्यक्षात उलटीपालटी झाली, आणि ठराविक मर्यादेहून अधिक पगार असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत सगळा बोजा त्या वेळी जो कोणी मालक असेल त्या एकट्याच्या शिरावर पडला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारनाम्यात, असा खर्च एकेका मालकावर न टाकता सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून भागवावा असे तत्त्व आहे. भारताने त्या करारनाम्याला मान्यता दिलेली नाही. २०१८ साली केंद्रीय श्रम मंत्रालयाने १५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांच्या रजेतील सात आठवड्यांचे वेतन मालकांना परत करण्याची योजना बोलून दाखवली, ती प्रस्तावाच्या पुढे गेली नाही.

याच रचनेचा दुसरा परिणाम अर्ज करणाऱ्या स्त्रीला भोगावा लागतो. तिची रजा तिच्याबरोबर चालत नाही. सोळाव्या आठवड्यात चांगली जागा मिळाली आणि नवा मालक थांबायला तयार नसला, तर रुजू झाल्या दिवशी उरलेले दहा आठवडे बुडतात. जुना मालक ते देत नाही, आणि नव्याकडे तिचे ८० दिवस भरलेले नसतात. ही विश्रांती मातेसाठी आणि मुलासाठी असेल, तर मालक बदलला म्हणून मुलाचे वय वाढते काय? पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या आणि राज्य कामगार विम्याच्या कक्षेतल्या स्त्रीची स्थिती या बाबतीत बरी आहे, कारण तिथे लाभ विमा महामंडळाकडून मिळतो, आणि हक्क कोणा एका मालकाशी जोडलेला नसून भरलेल्या वर्गणीशी जोडलेला असतो, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के अशा वर्गणीतून आजारपण, अपघात, बाळंतपण हे सारे खर्च चालतात. लहानशा कारखान्यात पॅकिंगचे काम करणाऱ्या बाईला या एका बाबतीत जी सुरक्षितता आहे ती हिंजवडीतल्या अभियंता मुलीला नाही. विम्याची ही पद्धत १९४८ च्या कायद्यापासून देशात रुळलेली आहे. निदान प्रसूती लाभापुरती तरी पगाराची मर्यादा काढून टाकून, सर्व मालकांकडून, त्यांच्याकडे स्त्रिया असोत वा नसोत, वर्गणी घ्यावी, त्यात सरकारने आपला भाग घालावा, आणि रजेचे आठवडे आईच्या नावावर जमा राहावेत. असे झाले म्हणजे बारा माणसांच्या कचेरीचा मालक मुलीला नेमताना मनात चाचरणार नाही, कारण मुलगी नेमली काय आणि मुलगा नेमला काय, त्याची वर्गणी तेवढीच राहील. केंद्र सरकारने आणि संसदेने या दिशेने पाऊल टाकावे, आणि महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या खासदारांनी या मागणीचा पाठपुरावा करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तोपर्यंत जिला अर्ज करायचा आहे तिने तो करावा, आणि मुलाखतीत तिनेही प्रश्न विचारावेत. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे असे कायदा सांगतो. या हक्काला ८० दिवसांची अट नाही, तेव्हा नव्याने येणारीलाही तो पहिल्या दिवसापासून आहे. पाळणाघर आवारात आहे की दूर, तिथे किती महिन्यांचे मूल घेतात, संध्याकाळी किती वाजता ते बंद होते, हे नेमणूकपत्र हाती येण्यापूर्वी विचारून, शक्य असेल तर जागा डोळ्यांनी पाहून यावे. रुजू होण्याची तारीख रजा संपल्यानंतरची मागावी आणि ती लेखी घ्यावी. जी आस्थापना लायक ठरवलेल्या उमेदवारासाठी एवढे आठवडे थांबायला राजी होत नाही, तिथे पाळणाघर कितीही सुरेख असले, तरी मूल तापाने फणफणल्याच्या सकाळी आपल्याला कोणते उत्तर मिळेल याचा अंदाज तिने त्या मुलाखतीतच बांधावा, आणि दुसरीकडे अर्ज करावा.